भाता

हात उचलल्यावर नाद खोलीत किती वेळ राहतो
ते आधी मोजायचं, मग लय ठरवायची.
गिरीजच्या इनास मास्तरांनी एवढंच शिकवलं,
तेही एका पायपेटीवर, जिची अर्धी पट्टी
श्रावणात फुगून खालीच बसायची.

रुवीच्या या हॉलमध्ये मी सूर धरला, सोडला.
एक म्हणायच्या आत गेला.
थोडा गालिचा प्यायला, थोडं जिप्समचं छत,
उरलासुरला एसीच्या जाळीतून बाहेर.
त्या जाळ्या मीच बसवल्यात.
चौदा वर्षं हवेचं खातं माझ्याकडे आहे :
कुठून आत, कुठून बाहेर, मिनिटाला किती घनफूट.

इलेक्ट्रॉनिक ऑर्गनला एक बटण आहे.
दाबलं की चार सेकंदांचं दगडी कॅथेड्रल उभं राहतं,
खांब, कमानी, गार फरशी, सगळं.
सेलिनबाई म्हणतात, अंगावर काटा येतो.
माझ्याही येतो, खोटं कशाला बोलू.
पण तिथे बोटांना धाक उरत नाही,
चुकलेला सूरसुद्धा शाल पांघरून
मिरवणुकीत निघून जातो.

मार्चमध्ये अमरातला पाण्याची नवी टाकी झाली.
रिकामी, सिमेंटची, फुटबॉलच्या मैदानाएवढी.
तपासणीला शिडीनं उतरलो आणि शिंकलो.
शिंक नऊ सेकंद खांबाखांबांतून हिंडली,
परत आली तेव्हा माझी वाटेना.
तीनशे वर्षांपूर्वीची ती पानं आठवली,
उत्तरेच्या गारठ्यात, उंच छताखाली लिहिलेली.
तिथे आधीचा सूर उंबरा ओलांडेपर्यंत
पुढच्याला चपला हातात घेऊन
दाराशी थांबावं लागत असणार.

इथे दाराशी कुणीच नाही.
इथे सावकाश वाजवलं
तर सुरांमध्ये नुसतं वाळवंट दिसतं.

दुसरं वाद्य सामानाच्या खोलीत होतं,
खुर्च्यांमागे, प्लॅस्टिकच्या गव्हाणीखाली.
एक डच इंजिनिअर देश सोडताना देऊन गेलेला.
कपड्यांच्या ट्रंकेएवढं, पोटात लाकडी नळ्या,
एकाच जातीच्या, पेन्सिलीपासून मनगटापर्यंत.
पायाखाली पट्ट्या नाहीत, म्हणजे खर्ज नाही,
म्हणजे माझी अर्धी पुस्तकं बंद.
आणि मोटार अशी घरघरायची
की देव सोडा, सेलिनबाईही पळाल्या असत्या.

रोडेल मागबानुआ म्हणाला, मोटार काढ.
मी मारतो भाता.
रोडेल वेल्डर आहे. ऑर्गन त्यानं जन्मात वाजवला नाही,
पण दाब म्हणजे काय ते त्याला कळतं.

शुक्रवारी पहाटे, मिस्सेआधी, एसी बंद केला.
मे महिना. नळ्या तापून जरा वर चढल्या,
सगळ्या मिळून चढल्या, म्हणून भांडण झालं नाही.
घरी ठरवून आलो होतो : मेट्रोनोमवर बहात्तर.
चौथ्या ओळीत तिन्ही आवाज एकत्र आले
आणि वारा पुरेना.
मधला सूर ढळला,
जिना चढताना बोलणाऱ्या माणसासारखा.
मागे पाहिलं. रोडेलच्या कानामागून घाम,
ओठ मिटलेले, दांडा खाली जातोय,
वर यायला उशीर.

मग बोटं जरा आधी उचलली.
दोन सुरांमध्ये फट ठेवली, नखाएवढी.
त्या फटीत वारा साठू लागला,
त्या फटीत रोडेलनं श्वास घेतला,
आणि ओळ आपोआप पुढे सरली,
अठ्ठ्याऐंशी असेल, नव्वद असेल,
मोजली नाही.
मास्तर, खोलीत नाद नव्हता,
माणूस होता. त्यालाच मोजलं.

मागच्या बाकावर दोन नर्सेस,
रात्रपाळीहून थेट आलेल्या, चपला काढून बसलेल्या.
एकीचा अंगठा गालिच्यावर ठेका धरत होता,
दुसरी झोपली होती.

शेवटचा सूर सोडला.
एक म्हणायच्या आत गेला.
भात्यात थोडा वारा शिल्लक होता,
तो रोडेलनं तळहातानं
हळूच दाबून बाहेर काढला.